जाळीचा उजवा कोपरा

माझ्या मोठ्या भावाचं नांदगावला किराणा दुकान होतं. एकदा दिवाळीच्या आधी मी त्याच्याकडे गेलो होतो आणि गल्ल्याशेजारी स्टुलावर बसलो होतो. त्याने एका बाईला किलोभर साखर तोलली, पुडी बांधली, दोरा तोडला. मग तीच पुडी सोडली, पुन्हा तोलली, पुन्हा बांधली. ती बाई माझ्याकडे बघून हसली. मला हसू आलं नाही. तीन वर्षांनी त्याच भावाने मला दारात उभं करून विचारलं, "कोण पाहिजे तुम्हाला?"

त्या दिवशी निघताना वहिनी ओट्यावर आली आणि हळूच म्हणाली, "मला लय आधी कळलं व्हतं भाऊजी. दोन वर्सं तरी झाली. पन मानसाला तोंडावर सांगू कसं?"

मला तिचा इतका राग आला की मी चपला घालताना डाव्या-उजव्यात घोटाळा केला. दोन वर्षं गप्प बसली ही बाई! एस.टी.त बसल्यावर मी बायकोला म्हणालो, "मला असं काही झालं तर पहिल्या दिवशी सांगायचं. आडवळणं नकोत, दया नको." ती खिडकीबाहेर बघत होती. "सांगेन," म्हणाली. मी म्हटलं, "शपथ?" तर म्हणाली, "सांगेन म्हटलं ना."

आमच्या घरातली खाऱ्या पाण्याची, माशांची टाकी या प्रवासातून आली. येणारे-जाणारे समजतात, म्हाताऱ्याची हौस. हौस थोडी होती, भीती जास्त. सातपूरच्या एका कारखान्यात मी एकतीस वर्षं तपासनीस म्हणून काढली. दुसऱ्याने केलेल्या वस्तूतली चूक शोधणं, वहीत लिहिणं, खाली सही करणं, एवढंच मला येतं. निवृत्तीनंतर मला असं काहीतरी हवं होतं की जे रोज मोजावं लागेल, आणि माझं मोजमाप चुकलं तर मला लगेच समजेल. गोड्या पाण्यातले मासे माणसाला माफ करतात. खारं पाणी करत नाही. शिवाय नाशिकला समुद्र कुठला. मीठसुद्धा पुडक्यातून आणून ग्रॅमवर तोलावं लागतं. डोकं शाबूत आहे की नाही हे सांगायला याहून चांगला साक्षीदार मला सुचला नाही.

गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला आमचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आहे. हॉलमध्ये बाल्कनीच्या दाराजवळ टाकी ठेवली. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे, सात-आठ गोगलगाई, आणि लाल पाठीची, लांब पांढऱ्या मिशांची एक कोळंबी. ही कोळंबी माशांच्या अंगावरची घाण टिपून खाते. मासे तिच्यापुढे दाढी करून घ्यायला बसल्यासारखे स्थिर राहतात. बायको म्हणायची, "हिला मी आमटीत घातलं असतं, पण घरात कामाची तेवढी एकच आहे." मला ती कोळंबी फार आवडायची. मी काचेवर बोट ठेवलं की ती समोर यायची.

दुसऱ्या वर्षी पाण्यातलं नायट्रेट वाढायला लागलं. मासे खातात, हगतात, ते पाण्यातच राहतं. काचेवर तपकिरी थर चढला. ते काढणारी गाळणी निवडायला मी तीन आठवडे घेतले. पाण्याचा फेस करून घाण वर काढणारं एक यंत्र असतं, ते दुकानात चालू करून बघितलं तर पिठाच्या गिरणीशेजारी बसल्यासारखं वाटलं. दुसरा उपाय दाणेदार रसायनांचा, दर महिन्याला बदलायची. तिसरा शेवाळाचा. एका खडबडीत जाळीवरून पाणी सोडायचं, तिच्यावर लाल दिवा लावायचा, आणि मुद्दाम शेवाळ वाढू द्यायचं. पाण्यातली घाण हेच त्या शेवाळाचं खत. आठवड्याने ते खरवडून फेकलं की घाण घराबाहेर गेली. मी आलेखाच्या कागदावर तिन्हींचे रकाने आखले. आवाज, वीज, देखभाल, दोष. बायको म्हणाली, "मुलगी पसंत करायला तुम्हाला अर्धा तास पुरला होता." मी म्हटलं, "तेव्हा नमुना एकच होता."

शेवाळ जिंकलं. जाळी हिच्याच पेटीतून निघाली. लोकरीची तोरणं विणायची ती प्लास्टिकची जाळी. ती मी हॅकसॉच्या पात्याने दोन्ही बाजूंनी इतकी घासली की तळव्याला टोचायला लागली. गुळगुळीत जाळीवर शेवाळ मूळ धरत नाही. वर फट पाडलेला पाइप, त्यातून दोन्ही अंगांनी पातळ पडद्यासारखं उतरणारं पाणी, आणि समोर लाल दिवा. हे सगळं एका उघड्या डब्यात, कमरेएवढ्या स्टँडवर, टाकी आणि बाल्कनीचं दार यांच्यामध्ये. तिथून दोन पावलांवर, दाराबाहेर, आमची तुळस. तीही कमरेएवढ्या कट्ट्यावर.

पहिल्या खेपेला मी जाळी तव्यासारखी घासून लख्ख केली आणि मग दोन आठवडे तिच्यावर काही उगवेना. हिचं माहेर मखमलाबादकडचं, पिढ्यान्‌पिढ्या फुलं-भाजी पिकवणारं. ती म्हणाली, "मेथी खुडता तशी खुडा की. मूळ ठेवलं तर परत फुटेल." तेव्हापासून रविवारी अर्धी बाजू, पुढच्या रविवारी उरलेली. जुन्या प्लास्टिक कार्डाने खरवडायचं, नळाखाली धुवायचं, पातळ हिरवी साय ठेवायची. वीज गेली तर जाळी सुकून मरते म्हणून तिचा पंप इन्व्हर्टरवर. आणि रोज सकाळी साडेसातला, चहा झाल्यावर, उडालेल्या पाण्याची भरपाई. मीठ उडत नाही, नुसतं पाणी उडतं; म्हणून जाळीचं पाणी जिच्यात उतरतं त्या खालच्या छोट्या टाकीवर मारलेल्या खुणेपर्यंत कॅनमधलं आरओचं पाणी घालायचं. किती घातलं ते वहीत. उन्हाळ्यात दोन लिटर, एरवी दीड. वर्षानुवर्षं दीड म्हणजे दीड.

गेल्या हिवाळ्यात एके दिवशी अर्धाच लिटर लागलं.

मी कॅन तपासला, खूण तपासली, पट्टी लावून बघितली. दुसऱ्या दिवशी दीड. तिसऱ्या दिवशी पुन्हा अर्धा. थंडीने असेल असं मी लिहिलं. पण संक्रांत झाली, दुपारी पंखा लावायची वेळ आली, तरी टाकी पाणी कमीच पीत होती. त्याच सुमाराला जुनी वही संपली आणि मी नवी घातली. नव्या वहीत 'अर्धा' हा आकडा इतक्या वेळा आला की तो मला लिहवेना. पाणी उडत तर असणारच. मग उरलेलं एक लिटर माझ्या आधी कोण घालतंय?

घरात माणसं दोन. मी आणि ही.

माझा संशय अगदीच हवेतला होता असं नाही. त्याआधी एका ग्रहणाच्या दिवशी जाळीला अडकलेलं तुळशीचं पान मला सापडलं होतं. पिण्याच्या पाण्यात, दुधात, लोणच्याच्या बरणीत हिने पान टाकलं होतं, तसं टाकीतही. विचारल्यावर म्हणाली, "त्यांनाही जीव आहे ना. त्यांना ग्रहण नाही लागत?" मी तिला चांगलं अर्धा तास झापलं होतं.

मग जाळीवर डाग आला. वरच्या उजव्या कोपऱ्यात, तळहाताएवढा. तिथलं हिरवं आधी पिवळं पडलं, मग मळक्या पांढऱ्या रंगाचं झालं आणि बोटाला लागताच सुटून आलं. बाकी जाळी ठीक. मी दिवा सरकवला, पाइपाची फट ब्रशने साफ केली, जाळी उलटी करून लावली. आठ दिवसांत डाग पुन्हा उजव्या कोपऱ्यात. जाळी फिरली आणि डाग मात्र आपली जागा सोडेना! कारखान्यात मी नव्या पोरांना सांगायचो, दोष फिरून फिरून एकाच जागी येत असेल तर यंत्र सोडा, हात बघा. माझंच वाक्य मला आठवलं.

ही डावखुरी आहे. ती उभी राहून काही ओतेल तर डाव्या कोपऱ्यावर पडेल. हे मला त्याच क्षणी सुचलं होतं. वहीत मात्र मी ते लिहिलं नाही.

तुळसही वाळायला लागली होती. खालची पानं गळली, मंजिऱ्या काळ्या पडल्या. ही एकदा मातीत बोट खुपसून म्हणाली, "हिला पाणी लागत नाहीये." मी उसळलोच. रोज सकाळी सहाला, आंघोळ झाल्यावर, रात्री भरून ठेवलेला तांब्या मी स्वतः तिला घालतो. माझ्या वडिलांचा तो तांब्या, लिटरभर पाणी मावणारा, चाळीस वर्षं माझ्या हातातला. "मी घालत नाही असं म्हणायचंय का तुला?" ती बोट पदराला पुसून आत गेली. काही दिवसांनी तुळशीला नवी पालवी फुटली तेव्हा मी तिला ओढत बाल्कनीत नेलं आणि म्हटलं, "बघ! पाणी लागत नाही म्हणे." तिने मान डोलावली.

पहिल्यांदा गोगलगाई गेल्या. एकेक करून काचेवरून सुटून तळाला पडलेल्या. मी दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, "काका, तांब्याचं काही पडलंय का आत? नाणं, वायर, काही? माशांना चालतं एकवेळ, पण गोगलगाय नि कोळंबी नाही तगणार. शेवाळसुद्धा जळतं." त्याच्याकडून तांबं तपासायची नळी आणली. टाकीचं पाणी घेऊन थेंब टाकले. पाणी निळसर झालं.

नळी हातात घेऊन मी स्वयंपाकघरात गेलो. ही मेथी निवडत होती. "हे तांबं आहे," मी म्हणालो. "तू तुझं तांब्याच्या भांड्यातलं तीर्थ ओततेस आत. रोज. लिटरभर. माझी कोळंबी मारणार आहेस तू."

ती माझ्याकडे खूप वेळ बघत राहिली. त्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं. मग मेथीकडे बघत म्हणाली, "घातलं असेल. आता नाही घालणार."

मी वहीत लाल पेनाने लिहिलं, 'कबुली.' त्या दिवशी मला समाधान वाटलं, हे मी लपवत नाही. इतकी वर्षं चुका शोधल्या, अजून शोधता येतात, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवघरापुढे स्टीलचा तांब्या भरलेला. मी विचारलं, "तांबं सोडून तुळशीला स्टील?" ती म्हणाली, "तुमचा गळतोय." मी माळ्यावरून माझा तांब्या काढला, काठोकाठ भरला, वर्तमानपत्रावर ठेवला आणि तासभर समोर बसलो. कागदावर थेंब नाही. बाईने खोटं का बोलावं? मी रात्री तोच तांब्या भरून ठेवला आणि स्टीलचा तिच्यासमोर फडताळात आपटला.

पुढच्याच आठवड्यात कोळंबीने कात टाकली. टाकायची ती नेहमी; रिकामं कवच पाण्यात तरंगायचं आणि ती एखाद दिवस दगडाआड लपून बसायची. या वेळी कवच अर्धवट अंगावरच राहिलं. ती आडवी पडून पाय हलवत होती. मी काचेवर बोट ठेवलं. तिच्या मिशा माझ्या बाजूला वळल्या. दुपारपर्यंत ते पाय हलायचे थांबले. ही जेवायला बोलवायला आली तेव्हा मी रडत होतो, आणि तिने खांद्यावर ठेवलेला हात मी झटकून टाकला.

आता मला पुरावा हवा होता. तिला रंगेहाथ पकडायचं ठरवलं. तीन दिवस मी साडेपाचला उठून, आंघोळ पुढे ढकलून, टाकीसमोर पेपर उघडून बसलो. ही उठली, तोंड धुतलं, मला बघितलं आणि म्हणाली, "बसा तुम्ही. तुळशीला मी घालते." तिन्ही दिवस ती स्टीलचा तांब्या घेऊन टाकीवरून सरळ बाल्कनीत गेली आणि रिकामा घेऊन परत आली. तिन्ही दिवस टाकी दीड लिटर प्यायली. मी वहीत लिहिलं, 'पहारा असताना दोष नाही.' गुन्हा सिद्ध झाला होता. पहारेकरी बसला की चोर चोरी करत नाही, एवढी साधी गोष्ट.

चौथ्या दिवशी मी पहारा उठवला आणि नेहमीसारखी आंघोळ केली. पंचा गुंडाळला, तांब्या उचलला. बाहेर नुकतं उजाडत होतं, समोरच्या इमारतीच्या टाकीवर कबुतरं बसली होती. तुळशीचा जो काही दोन ओळींचा श्लोक मला येतो तो मी पुटपुटत होतो. हिरव्यावर पाण्याची धार पडत होती. मनाला अगदी शांत वाटत होतं.

"अहो, तुळस तिकडे आहे."

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी खाली बघितलं. माझा उजवा हात. वडिलांचा तांब्या. धार जाळीच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात पडत होती, बरोबर त्या डागावर, आणि लाल उजेडात ते पाणी खालच्या टाकीत उतरत होतं. दोन पावलांवर, काचेपलीकडे, तुळस होती. तिची माती आधीच ओली दिसत होती.

माझा हात तिथेच राहिला. तो मागे घ्यायचा असतो हेही मला सुचेना. मला समजलं ते तिच्या वाक्यापेक्षा तिच्या आवाजातून. त्या आवाजात आश्चर्य अजिबात नव्हतं. भाजीत मीठ घातलंय असं सांगावं तसं तिने ते सांगितलं होतं. हे वाक्य तिने आज पहिल्यांदा म्हटलेलं नाही, हे माझ्यातल्या तपासनिसाला लगेच कळलं.

तिने तांब्या माझ्या हातातून घेतला. मला खुर्चीत बसवलं. मला नांदगावच्या दुकानातली ती साखरेची पुडी दिसत होती, आणि ती बांधणारे हात माझे होते. भीती वाटते म्हणजे काय ते मला त्या सकाळी समजलं. मग, माझा स्वभाव मेला तरी जायचा नाही, मला रागच आला.

"पहिल्या दिवशी सांगायचं ठरलं होतं," मी म्हणालो. "एस.टी.त. शपथ घेतली होतीस. तूही वहिनीसारखीच निघालीस."

ती कपाटाकडे गेली आणि खालच्या खणातून माझी जुनी वही घेऊन आली. तिला पान शोधावं लागलं नाही, तिथे तिने देवाच्या हळदीकुंकवाची रिकामी पुडी घालून ठेवली होती. टाकी पहिल्यांदा अर्धा लिटर प्यायली, त्या दिवसाचं पान होतं ते. 'अर्धा' या आकड्यासमोर, शेऱ्याच्या रकान्यात, माझ्याच ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं:

'तुळशीचं पाणी चुकून जाळीवर ओतलं. हिने लगेच सांगितलं. पुन्हा होऊ नये.'

खाली माझी सही होती.